सुईणीचा हेवा

ही गोष्ट एकोणीसशे एक्क्याऐंशी सालची. त्या साली मल्लिगेहाळात मिरची इतकी पिकली की अंगणं, छपरं, द्यामव्वाच्या देवळासमोरचा कट्टासुद्धा लाल झाला आणि येता-जाता सगळं गाव शिंकू लागलं. गदगहून दिवसाला एकच गाडी यायची. सरकारी उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या आणि एक लोखंडी खाट. मागच्या खोलीत नर्स लोलाक्षी राहायची. तिला गावात येऊन तीन वर्षं झाली होती, आणि त्या तीन वर्षांत एक दिवस असा गेला नव्हता की तिला फकीरव्वाचा हेवा वाटला नाही.

फकीरव्वा गावची सुईण. साठीला टेकलेली, केव्हाच विधवा झालेली, कपाळाला विभूतीच्या तीन रेघा, गालात पानाचा तोबरा. हात मात्र दहा वर्षांच्या मुलीचे असावेत इतके लहान. त्या हातांनी तिनं अर्धं गाव जन्माला घातलं होतं. पण नुसत्या बाळंतपणाचं असतं तर लोलाक्षीनं सोसलं असतं. पोर वयात आली की तिची आई आधी फकीरव्वाकडे धावायची. मग फकीरव्वा त्या पोरीला सुकं खोबरं, गूळ, तूप चारायची, कापडाची घडी कशी घालायची ते दाखवायची आणि कानात काहीतरी सांगायची. रडत बसलेली पोर फिसकन हसायची. कुणाला दिवस राहत नसत, कुणाला नको असताना राहत, कुणाच्या अंगावरून पांढरं जाई, कुणाचं अंग बाहेर येई. सगळ्या जणी फकीरव्वाकडे. चाळीस-पंचेचाळिशीत ज्यांना बसल्याजागी घाम फुटायचा आणि विनाकारण रडू यायचं त्या तर तिच्या शेजारी नुसत्या येऊन बसायच्या, आणि तासाभरानं बऱ्या होऊन जायच्या.

लोलाक्षी कुंदापूरकडची, समुद्राकाठची. बोलणं पुस्तकातल्यासारखं, जेवण उकड्या तांदळाची पेज आणि सुकी मासळी. पांढरी साडी नेसून ती घरोघर जायची, लोखंडाच्या लाल गोळ्या द्यायची, विचारायची, "काही त्रास आहे का?"

"कसला त्रास? काही नाही की, नर्सबाई. चहा घ्या."

आणि दुपारी तीच बाई कट्ट्यावर फकीरव्वाला सगळं सांगताना तिला खिडकीतून दिसायची. ऐकू काही यायचं नाही, हसणं तेवढं यायचं. लाल गोळ्या उकिरड्यावर पडलेल्या तिनं स्वतः पाहिल्या होत्या. गोळ्यांनी पोर इतकं मोठं होतं की बाहेर निघत नाही, असं गावात बोललं जायचं. असं पहिल्यांदा कोण बोललं, हे तिला विचारायची गरज नव्हती.

त्या श्रावणात गौडांच्या सुनेचं, कस्तुरीचं बाळंतपण झालं. लोलाक्षी पहाटेपासून घामानं निथळत होती. मुलाच्या गळ्याला नाळेचे दोन वेढे होते. तिनं ते बोटानं सैल करून डोक्यावरून काढले, निळं पडलेलं मूल पालथं धरून पाठ चोळली, तोंडातली घाण पुसून काढली, तेव्हा कुठं ते रडलं. फकीरव्वा या सगळ्या वेळात कस्तुरीच्या उशाशी बसून होती. तिचा हात धरून, "आली, आली, अजून एक कळ, माझी सोन्याची" एवढंच म्हणत होती.

पाळण्याच्या दिवशी सुपात ज्वारी, खण, पान-सुपारी घालून गौडतीनं, म्हणजे कस्तुरीच्या सासूनं, ते फकीरव्वापुढे ठेवलं. बाळाला पहिल्यांदा पाळण्यात घालायचा मानही तिचाच. लोलाक्षीला बसायला खुर्ची दिली होती. अख्ख्या सोप्यात ती एकटीच खुर्चीवर, हातात कपबशी.

"नर्सबाईंचा हात चांगला हाय हं," गौडती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "पण त्यांना सरकार बघतंय. आमच्या फकीरव्वाला कोण बघणार, आपणच की!"

"आणि त्यांना ज्वारी देऊन काय करू?" एक जण म्हणाली. "ती भाताची माणसं. सुपात बांगडे घालून द्यायला पाहिजेत."

बायका हसल्या. फकीरव्वाही पानाचा तोबरा सावरत हसली. लोलाक्षीनं चहा संपवला. घरी येऊन तिनं पांढरी साडी धुवायला टाकली ती इतकी आपटली की काठ फाटला.

दसरा झाल्यावर चार दिवसांनी ती फकीरव्वाच्या घरी गेली. फकीरव्वाची सून निंगव्वा पाच महिन्यांची गरोदर होती. तिच्या पायांवर सूज आहे का बघायची होती. निंगव्वा घरात नव्हती म्हणून लोलाक्षी परसात डोकावली. कापसाच्या पळकाट्यांच्या गंजीमागे, एका पोत्याखाली, दोन फडकी वाळत घातलेली होती. धुतलेली, तरी डाग न गेलेली.

लोलाक्षी तिथेच उभी राहिली. घरात बायका दोनच. एक पाच महिन्यांची गरोदर, चांगली टुणटुणीत. तिची तपासणी तिनं स्वतः आठच दिवसांपूर्वी केली होती. दुसरीचा विटाळ बंद होऊन दहा वर्षं झाली होती.

मल्लिगेहाळातली रीत अशी की द्यामव्वाच्या जत्रेचा नैवेद्य ज्यांचा विटाळ कायमचा थांबला आहे अशाच बायकांनी रांधायचा. पाळी थांबून वर्ष झालं की बाई देवळात तेलाचा दिवा लावून यायची आणि त्या वर्षापासून देवीच्या चुलीपाशी तिला जागा मिळायची. सासुरवासात सगळा जन्म गेलेल्या बायका त्या जागेची वाट बघत असत. चुलीवरची मुख्य फकीरव्वा. पुरण किती शिजलं ते ती वासावरून सांगायची. आणि एखादीला पुन्हा अंगावरून जायला लागलं तर? तर ती 'पुन्हा तरुण झाली' म्हणायची गावात पद्धत होती. चुलीवरून उठायचं, आणि महिनाभर सगळ्यांची थट्टा सोसायची. नवरा असलेलीला लोक हसत. विधवेच्या बाबतीत काय काय बोलले असते ते न सांगितलेलं बरं.

लोलाक्षीला प्रशिक्षणात शिकवलं होतं, थांबलेलं रक्त परत आलं की एक दिवसही थांबायचं नाही, गर्भाशय तपासायचं. हे तिला पोत्याकडे बघताबघताच आठवलं होतं. पण त्याच्याही आधी तिला जे वाटलं ते असं होतं: म्हातारे, आता तुझ्याकडेही कुणाला न सांगण्यासारखं आहे.

ती घरी आली आणि तिनं मनाशी ठरवलं, फकीरव्वा येईल. एवढं बायकांचं कळणारी बाई, तिला हे काय आहे ते माहीत असणारच. कधी ना कधी माझ्या दारात येऊन म्हणेल, 'नर्सबाई, बघता का जरा.' तेव्हा मी खुर्ची देईन. चहा देईन, कपबशीत.

दिवाळी गेली. फकीरव्वा आली नाही. लोलाक्षी खिडकीतून बघत राहायची. म्हातारीच्या गळ्याची हाडं वर आली होती. कट्ट्यावर बसताना ती आता पाय जवळ घेऊन, पदर खाली नीट दाबून बसायची. लोलाक्षीला ते कळत होतं आणि दुसऱ्या कुणालाच कळत नव्हतं, याचं तिला एक गोड समाधान होतं. एकदा गौडती तिला म्हणाली, "फकीरव्वा वाळल्यासारखी दिसत्ये, नाही का हो?" एक शब्द बोलायचा अवकाश होता. लोलाक्षी म्हणाली, "वय झालं." हे मात्र तिच्या बाजूनं सांगायला हवं: तो शब्द ती गावाला बोलली नाही. पण फकीरव्वालाही बोलली नाही. असे सात आठवडे गेले.

कार्तिक संपत आला होता. बायका कट्ट्यावर मिरचीचे देठ मोडत बसल्या होत्या. लोलाक्षी गोळ्या वाटायला म्हणून तिथे थांबली. कस्तुरीनं कसली तरी थट्टा काढली आणि गौडतीला आठवण झाली.

"आमची गौरव्वा आठवते का गं? पुन्हा तरुण झाली होती ती? पंचावन्न वर्षांची! नवऱ्याला आम्ही म्हणायचो, आता दुसऱ्या लग्नाचा खर्च वाचला बघ तुझा."

"हिरव्या बांगड्या भरल्या होत्या की तिला आपण!" दुसरी म्हणाली. "रडत होती तरी भरल्या."

"कुठे असते ती?" लोलाक्षीनं विचारलं.

"कुठे असणार? त्याच्या पुढच्या होळीला गेली. पोटात दुखायचं म्हणे."

"आणि गवळ्यांची शिवव्वा?" तिसरी म्हणाली.

"ती पण झाली होती की तरुण. दोन वर्षांत तीही गेली, बिचारी."

बायका पुन्हा देठ मोडायला लागल्या. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे असं कुणाच्याही मनात आलं नव्हतं. लोलाक्षीनं फकीरव्वाकडे बघितलं. फकीरव्वा सगळ्यांबरोबर हसत होती. आणि त्या हसण्यात भीती नव्हती, फक्त लाज होती. तेव्हा लोलाक्षीला कळलं की म्हातारीला माहीतच नाही. तिला वाटतंय, एवढी जत्रा लपवून निभली की झालं.

हिला माहीत नसलेली एक गोष्ट आहे, आणि ती मला माहीत आहे! पहिल्यांदा तिला हाच आनंद झाला. इतका की कानशिलं तापली. आणि मग, गोळ्यांचा डबा हातात धरून घराकडे जाताना, ती वाटेतच थांबली. सात आठवडे. तिनं बोटांवर पुन्हा मोजले. सातच भरत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी निंगव्वा शेतावर गेलेली बघून ती फकीरव्वाकडे गेली. म्हातारी चुलीपुढे रोट्या थापत होती. तिनं वर बघितलं नाही.

"या. सून नाही घरात."

"सुनेकडे नाही आले. अव्वा, तुमच्याकडे आले. तुम्हाला अंगावरून जातंय."

रोटीवरचा हात थांबला. मग पुन्हा चालू झाला.

"कोण म्हणालं?"

"पळकाट्यांच्या मागे फडकी बघितली."

"परसात डोकावायला पगार देतंय वाटतं सरकार."

"कधीपासून आहे?"

"तुला काय करायचंय? जा, सांग जा कट्ट्यावर. तीन वर्षं वाट बघत्येस की, माझी जागा रिकामी व्हायची. बघत नाही होय मी? खिडकीत उभी असतेस, डोळे मांजरासारखे करून."

"बघत्येच," लोलाक्षी म्हणाली. तिचा आवाज चढला. "जळत्ये मी तुमच्यावर. बाळंतपण मी करायचं आणि सूप तुमच्याकडे. माझ्या गोळ्या उकिरड्यावर आणि तुमचं खोबरं पोटात. पण गौरव्वा कशानं मेली माहीत आहे का तुम्हाला? शिवव्वा कशानं मेली?"

"पोटात दुखून."

"ज्यानं त्या तरुण झाल्या होत्या ना, त्यानंच मेल्या. पिशवीत गाठ होते, अव्वा. सडते. रक्त म्हणजे तिची पहिली हाक असते. त्या दोघींना तुम्ही हिरव्या बांगड्या भरल्यात."

तव्यावरची रोटी करपायला लागली. धूर झाला तरी फकीरव्वानं ती उलटली नाही. मग म्हणाली, "गौरव्वाला बांगड्या मीच भरल्या. ती नको म्हणत होती."

लोलाक्षीनं रोटी काढून बाजूला ठेवली.

"उद्याच्या गाडीनं जाऊ. आधी गदग, तिथून हुबळीला मोठ्या दवाखान्यात."

"आणि गावाला काय सांगू? विधवा बाई, या वयात, नर्सबरोबर दवाखान्यात कशाला गेली? लोक काय काय म्हणतील ते तुला नाही कळायचं. तू परकी."

"सुईणींचं सरकारी शिक्षण असतं तिथे. त्याला चाललात म्हणून सांगू."

फकीरव्वा अशी ताठ झाली जणू कुणी चटका दिला. "मी? शिकायला? तुझ्याकडून? त्यापेक्षा पुन्हा तरुण झाले म्हणून सांग." मग तिचे बारीक डोळे आणखी बारीक झाले. "येते मी. पण एका अटीवर. गावाला सांगायचं की हुबळीच्या डॉक्टरांनी मला बोलावलंय. त्यांना शिकवायला. आडवं मूल पोटावरून फिरवून सरळ कसं करायचं ते. आणि हे तू सांगायचंस. कट्ट्यावर, सगळ्यांच्या पुढे."

"मी नाही सांगणार असलं खोटं."

"मग मी नाही येणार."

"मराल, अव्वा!"

"मरीन. पण सुपाची मानकरी म्हणून मरीन."

लोलाक्षी तशीच निघून आली. तो सगळा दिवस ती खाटेवर बसून होती. डॉक्टरांनी हिला बोलावलंय, असं आपल्याच तोंडानं सांगायचं. ज्या गावात आपल्याला कुणी शब्दानं विचारत नाही, त्या गावात. तिला रडू आलं ते कसलं, हे पुढे कधी तिलाही नीट सांगता आलं नाही. उन्हं कलली तशी ती उठली, तोंड धुतलं, कट्ट्यावर गेली.

बायका उठायच्या बेतात होत्या. फकीरव्वा मधोमध बसली होती आणि तिच्याकडे बघतही नव्हती.

"एक सांगायचंय," लोलाक्षी म्हणाली. "हुबळीच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंचा निरोप आहे. आडवं मूल हातानं फिरवणारी बाई तुमच्या गावात आहे, असं त्यांच्या कानावर गेलंय. नव्या डॉक्टरांना ते शिकवायला त्यांनी फकीरव्वांना बोलावलंय. आमच्या शिक्षणात ते शिकवत नाहीत." एवढ्यावर थांबता आलं असतं. पण फकीरव्वानं भुवई उचलली, म्हणून ती पुढे म्हणाली, "मलाही येत नाही."

कट्ट्यावर एकच गलका झाला. गौडतीनं फकीरव्वाची अलाबला घेतली, बोटं मोडली. कुणी गुळाची ढेप आणायला धावलं. फकीरव्वा म्हणाली, "अगं, मी कसली जात होते! या नर्सबाईंनी फार आग्रह केला."

हुबळीला तपासणी झाली. गाठ पिशवीच्या आतच होती, बाहेर गेली नव्हती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेत आलात, दोन महिने आधी आला असतात तर आणखी बरं. पिशवी काढली. बावीस दिवस दवाखान्यात राहावं लागलं. लोलाक्षी रजा टाकून जवळ राहिली. पाचव्या दिवशी फकीरव्वा उशीला टेकून बसू लागली आणि सातव्या दिवशी अख्खा वॉर्ड तिच्या खाटेभोवती. कुणाला दूध येत नव्हतं, कुणाचा गर्भ दुसऱ्यांदा पडला होता. तपासायला आलेल्या डॉक्टरीणबाईंना बायका "थांबा हो जरा" म्हणाल्या. लोलाक्षी दारात उभी राहून बघत होती. टाके घातलेल्या, मरणातून उठलेल्या म्हातारीवरसुद्धा आपण जळतोय, हे बघून तिला स्वतःचीच कमाल वाटली.

घरी निघायच्या आदल्या दिवशी, दुपारी, फकीरव्वाच्या वेणीतला गुंता सोडवताना तिनं सांगून टाकलं.

"अव्वा, ती फडकी मी दसऱ्यानंतरच बघितली होती. सात आठवडे गप्प बसले. तुम्ही माझ्या दारात यावं म्हणून."

वेणी पुरी झाली. मग फकीरव्वा म्हणाली, "सातच?"

"सात."

"तुझ्या जागी मी असते तर वर्षभर बोलले नसते." आणि वेणी चाचपत, "घट्ट घातलीस वेणी. सैल कर."

माफ केलं की नाही ते लोलाक्षीला त्या दिवशीही कळलं नाही, पुढेही नाही.

माघात जत्रा झाली. फकीरव्वाला ओझं उचलायची बंदी होती, म्हणून ती चुलीपाशी पाटावर बसून हुकूम सोडत होती. एकट्या निंगव्वालाच खरं माहीत होतं. तिनं सासूला हळूच विचारलं, "अत्ती, देवीला चालेल ना?" फकीरव्वा म्हणाली, "घरच पाडलं, आता पाहुणा कुठून येतोय? या चुलीवर माझ्याइतकी सोवळी कुणीच नाही."

जत्रा उरकल्यावर तिनं कट्ट्यावर नवा कायदा काढला. थांबलेलं पुन्हा दिसलं की त्याच दिवशी नर्सबाईकडे जायचं. थट्टा नाही, बांगड्या नाहीत. का, ते तिनं सांगितलं नाही. डॉक्टरांना शिकवून आलेली बाई सांगते म्हणून कुणी विचारलंही नाही. 'त्रास असेल तर माझ्याकडे या' हेच लोलाक्षी तीन वर्षं घरोघर सांगत होती. आता बायका तिच्याकडे येऊ लागल्या, आणि आल्या की आधी म्हणायच्या, "फकीरव्वानं सांगितलं म्हणून आले." पुढच्या पाच वर्षांत अशा तिघी वेळेत हुबळीला गेल्या आणि परत आल्या. लाल गोळ्या मात्र फकीरव्वानं शेवटपर्यंत चांगल्या म्हटल्या नाहीत.

फकीरव्वा त्यानंतर चौदा वर्षं जगली आणि शहाण्णव साली झोपेतच गेली. गावातल्या शाळेसमोर तिच्या नावाचा पाण्याचा नळ आहे. हुबळीच्या डॉक्टरांना शिकवणारी, असं त्यावर लिहिलेलं आहे. निंगव्वाला मुलगी झाली. ती आता गदगला शिवणकाम करते. सासूचं काम निंगव्वानं पुढे चालवलं नाही, ती अंगणवाडीत लागली. कस्तुरी दुसऱ्या मुलानंतर ऑपरेशन करून घेणारी गौडांच्या घरातली पहिली सून. पुढे ती पंचायतीत निवडून आली. गौडती पक्षाघातानं गेली, तिचं शेवटचं सगळं लोलाक्षीनं केलं.

लोलाक्षीची सत्त्याऐंशी साली बदली झाली. लग्न तिनं केलं नाही. निवृत्त होऊन ती कुंदापूरला भाचीकडे राहते. पन्नाशीला तिची पाळी थांबली तेव्हा घाम, धडधड, उगाच येणारं रडू, सगळं तिच्याही वाट्याला आलं. औषधं काय घ्यायची ते तिला पाठ होतं. कुणाजवळ जाऊन नुसतं बसावं, ते मात्र तिला सुचेना. एके दिवशी तिनं गदगची गाडी धरली आणि अर्ध्या वाटेत आठवलं की म्हातारी जाऊन सात वर्षं झाली आहेत. ती पुढच्या थांब्यावर उतरली आणि परतीच्या गाडीची वाट बघत बसली.